ज्यूलिया मॉर्गन

घरें बांधण्याचें शास्त्र हें केवळ पुरुषांचें, अशी समजूत ज्या काळीं युरोप-अमेरिकेंतहि दृढ होती, त्या काळीं एका स्त्रीनें आपल्या कर्तृत्वानें ती खोटी ठरविली. त्या ज्यूलिया मॉर्गनबाईंचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

बाईंचा जन्म 20 जानेवारी 1872 रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें झाला. बालपण जवळच्याच ओकलंड शहरांत गेलें. 1894 सालीं बर्कली येथील विद्यापीठांतून सिव्हिल इंजिनियरिंगची पदवी घेऊन 1896 मध्यें त्या पॅरिसला गेल्या. तेथील सुप्रसिद्ध कलाशाळेच्या वास्तुशिल्पवर्गांत तोंवर एकाहि स्त्रीस प्रवेश मिळाला नव्हता. प्रवेशाचें दार उघडलें, तरी परीक्षेंत दोनदां अपयश आलें. परंतु बाई परत फिरल्या नाहींत. 1898 मध्यें तिसऱ्या खेपेस त्या उत्तीर्ण झाल्या. तीस वर्षांची वयोमर्यादा गांठण्यापूर्वींच त्यांनीं आवश्यक तें काम पुरें केलें आणि 1902 सालीं त्या शाळेचें वास्तुशिल्पाचें प्रमाणपत्र मिळविणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळविला.

मायदेशीं परतल्यावर 1904 सालीं त्यांना कॅलिफोर्नियांत वास्तुशिल्पीचा परवाना मिळाला. हाहि मान त्या प्रांतांत स्त्रियांमध्यें पहिलाच. त्याच वर्षीं ओकलंडच्या मिल्स कॉलेजांत त्यांनीं लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा घंटामनोरा उभारला. 18 एप्रिल 1906 च्या भयंकर भूकंपांत सॅन फ्रॅन्सिस्कोच्या असंख्य इमारती कोसळल्या व जळाल्या, पण हा मनोरा अभंग राहिला. तेव्हां लोकांचा विश्वास बसला, आणि आगींत होरपळलेल्या फेअरमाँट हॉटेलच्या जीर्णोद्धाराचें काम बाईंकडे आलें.

पुढें ख्रिस्ती तरुण स्त्रियांच्या संघासाठीं त्यांनीं अनेक गांवीं वसतिगृहें व सभागृहें बांधलीं. वृत्तपत्रांचे धनाढ्य मालक हर्स्ट ह्यांचा सॅन सिमियन येथील डोंगरावरील प्रासाद 1919 पासून 1947 पर्यंत त्यांच्याच देखरेखीखालीं वाढत गेला. मालकाचें मन वारंवार बदले; बांधलेलें पुन्हां पाडावें लागे; तरी बाईंची शांति ढळली नाहीं. कचेरींत नफा झाला तर त्यांतील वांटा त्या हाताखालच्या माणसांनाहि देत.

सुमारें 700 इमारती उभारून 2 फेब्रुवारी 1957 रोजीं त्या निवर्तल्या. अमेरिकन वास्तुशिल्पी संस्थेनें 2014 चें सुवर्णपदक त्यांना मरणोत्तर अर्पण केलें. त्या पदकाच्या त्या पहिल्याच स्त्री मानकरी होत. सन्मान येण्यास सत्तावन वर्षें लागलीं, परंतु बाईंनीं त्याची वाट पाहत काम थांबविलें नव्हतें. परीक्षेंतील अपयशानें खचणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं त्यांची ती तिसरी खेप नित्य ध्यानांत ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे.