डेनिस रिची : संगणकाला गजर लावणाऱ्या भाषेचे जनक

न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील राहत्या घरी १२ ऑक्टोबर २०११ रोजी डेनिस मॅकअलिस्टर रिची मृतावस्थेत आढळले. ७० वर्षांचे रिची एकटेच राहत असत. आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले होते. त्या शोकाच्या गदारोळात रिची यांच्या मृत्यूची वार्ता फारशी कुणाच्या कानी पडली नाही. जॉब्स यांची कीर्ती ज्या उपकरणांवर उभी होती, त्यांच्या अंतरंगात युनिक्सच्याच वंशातील कार्यप्रणाली चालत होती आणि युनिक्स हे रिची व केन थॉम्पसन यांचे अपत्य होते.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील ॲलिस्टर रिची बेल लॅब्स या दूरध्वनी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. डेनिस यांनी हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि उपयोजित गणिताचे अध्ययन केले. १९६८ मध्ये प्रबंध लिहून पूर्ण झाला, परंतु डॉक्टरेट त्यांनी अखेरपर्यंत घेतलीच नाही. त्याआधीच, १९६७ मध्ये, ते वडिलांच्याच संस्थेत रुजू झाले होते.

तेथे मल्टिक्स नावाच्या महत्त्वाकांक्षी कार्यप्रणालीचे काम सुरू होते. ते आवरेनासे झाल्याने १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतले. त्याच वर्षी थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर एक सुटसुटीत प्रणाली उभी केली आणि रिची त्यांना येऊन मिळाले. पुढे पीडीपी-११ हे यंत्र आले, तेव्हा थॉम्पसन यांची ‘बी’ ही भाषा अपुरी पडू लागली, कारण तिच्यात विदेचे प्रकार नव्हते. रिची यांनी ते प्रकार घडवले आणि १९७२ च्या सुमारास ‘सी’ भाषा आकाराला आली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला. तोवर कार्यप्रणाली म्हटली की ती यंत्रागणिक वेगळ्या सांकेतिक भाषेत लिहायची, असाच सर्वसाधारण प्रघात होता.

या भाषेचे बळ काळाच्या हिशेबात विशेष दिसते. संगणकातील घड्याळ दर सेकंदाला ठरावीक वेळा, अमेरिकेतील वीजपुरवठ्याच्या लयीनुसार ६० वेळा, मुख्य प्रक्रियकाला टोकत असे. प्रत्येक टोकणीला गाभा क्षणभर जागा होऊन कोणाची वेळ भरली ते पाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘अलार्म’ ही सोय होती. किती सेकंदांनी जागे करायचे ते आज्ञावलीने सांगायचे. तेवढा अवधी सरला की गाभा तिला १४ क्रमांकाचा संकेत धाडी. काहीच तजवीज केलेली नसेल, तर या संकेताने आज्ञावली तत्काळ संपुष्टात येई. तजवीज करायची म्हणजे आपल्यापैकी एका फलनाचा स्मृतीतील पत्ता गाभ्याच्या हवाली करायचा. गजर वाजताच चालू काम जागच्या जागी थांबे, ते फलन चाले आणि मग काम पूर्ववत सुरू होई. फलनाचा पत्ता एखाद्या अंकाइतक्या सहजतेने हाती देता येणे, ही ‘सी’ची देणगी.

साधेपणाची किंमतही मोजावी लागली. एका आज्ञावलीला एकच गजर मिळे. दुसरा लावला की पहिला पुसला जाई. संकेत एकदा पोहोचला की केलेली तजवीज रद्द होई आणि ती पुन्हा करण्याआधीच्या फटीत दुसरा संकेत आला, तर आज्ञावलीचा अंत ठरलेला. गजर लावणे आणि त्याची वाट पाहत थांबणे या दोन कृतींच्या मध्येच तो वाजून गेला, तर आज्ञावली कायमची ताटकळत राही. हे दोष किरकोळ नव्हते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या आवृत्तीत सेकंदाहून सूक्ष्म गजर आणि भरवशाचे संकेत आले.

वेळ मोजण्यातली काटकसर त्याहून जुनी. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेनुसार काळ सेकंदाच्या साठाव्या भागांत, ३२ अंशांच्या जागेत मोजला जाई. ही जागा जेमतेम सव्वादोन वर्षांत भरणारी होती. म्हणून पुढे सेकंद हे एकक आणि १ जानेवारी १९७० हा आरंभबिंदू ठरला. जुन्या पद्धतीची ही मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. नव्या प्रणालींनी ६४ अंशांची जागा स्वीकारली आहे. यंत्रसामग्रीत दडलेल्या जुन्या लहान संगणकांची चिंता उरतेच.

ब्रायन कर्निगन यांच्यासह १९७८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे ‘सी’ जगभर पोहोचली. भारतातील अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांनी तिचे धडे या सडपातळ पुस्तकातून गिरवले. थॉम्पसन यांच्यासह रिची यांना १९८३ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १९९९ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि निधनाच्या वर्षीच जपान पारितोषिक. सत्कारांहून त्यांना काम प्रिय होते. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. अँड्रॉइड भ्रमणध्वनींच्या तळाशी असलेला लिनक्सचा गाभा मुख्यतः ‘सी’तच लिहिलेला आहे आणि त्यातही गजराच्या संकेताचा क्रमांक १४ च आहे.