कानांचे व्हाल्साल्वा, हृदयाच्या कामाला

चोर्ला घाटातून बस खाली उतरायला लागली की कानांना दडे बसतात. मग आपण काय करतो? नाक चिमटीत धरतो, तोंड गच्च मिटतो आणि आतून हळूच जोर देतो. कान मोकळे! ही युक्ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते आंतोनियो मारिया व्हाल्साल्वा. आज हॉस्पिटलांत मात्र हे नाव ऐकू येतं ते बऱ्याचदा हृदयासाठी. आणि हे त्यांना स्वतःला कधी कळलंच नाही.

व्हाल्साल्वांचा जन्म १६६६ साली इटलीतल्या इमोला गावी झाला. सुरुवातीचं शिक्षण जेझुइट फादरांकडे. पुढे बोलोन्याच्या विद्यापीठात त्यांना गुरू लाभले मार्चेल्लो मालपीगी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या शोधणारे. १६८७ मध्ये व्हाल्साल्वा डॉक्टर झाले आणि बोलोन्यातच शवविच्छेदन, शस्त्रक्रिया आणि अध्यापन करत राहिले. त्या काळी वेड लागलेल्या माणसांना साखळदंडात ठेवत. त्यांना माणुसकीने वागवा, असा आग्रह धरणाऱ्या थोड्या डॉक्टरांपैकी ते एक होते.

वर्षानुवर्षं त्यांनी कानाचाच अभ्यास केला. १७०४ साली मानवी कानावरचा त्यांचा लॅटिन ग्रंथ निघाला. घसा आणि मधला कान जोडणाऱ्या नळीला त्यांनी नाव दिलं ते स्वतःचं नव्हे, तर आधीचे शरीरशास्त्रज्ञ यूस्टाकी यांचं. नाक-तोंड बंद करून जोर देण्याची युक्तीही याच ग्रंथात आहे. हेतू साधा होता: कानात साचलेला पू बाहेर पडावा. तेव्हा अँटिबायोटिक कुठली?

१७२३ मध्ये बोलोन्यात त्यांचं निधन झालं. त्यांचे शिष्य मोर्गान्यी यांनी १७४० मध्ये गुरूचं लिखाण संपादून छापलं. त्यात महाधमनीच्या मुळाशी असलेल्या तीन फुगवट्यांचं वर्णन होतं. त्या फुगवट्यांना आजही व्हाल्साल्वांचंच नाव आहे.

युक्ती हृदयापर्यंत पोचायला आणखी शंभरेक वर्षं गेली. १८४५ मध्ये जर्मनीच्या वेबर बंधूंनी दाखवलं की मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते. पुढे असं लक्षात आलं की श्वास कोंडून जोर दिला की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. जोर सोडला की रक्त पुन्हा धावत येतं, रक्तदाब एकदम उसळतो. तो आवरायला शरीर व्हेगसला जागं करतं, आणि ठोके मंदावतात.

काही लोकांचं हृदय मध्येच मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा धडधडू लागतं. याला एसव्हीटी म्हणतात. हृदयातला विजेचा संदेश एकाच चकरीत फिरत राहतो. व्हेगसने त्या वाटेवर क्षणभर अडथळा आणला की चकरी तुटते, ठोके ताळ्यावर येतात. एरवी जे इंजेक्शन देतात त्याने काही क्षण जीव जातोय असं वाटतं, म्हणून आधी ही युक्ती.

२०१५ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात तिला छोटी जोड दिली गेली. रुग्णाने अर्धवट बसून १५ सेकंद जोर द्यायचा, मग लगेच त्याला आडवं करून पाय १५ सेकंद वर उचलून धरायचे. नेहमीच्या पद्धतीने शंभरातले १७ जण बरे होत होते. पाय उचलल्यावर ४३! खर्च शून्य.

अर्थात छातीत धडधडलं म्हणून घरी हे प्रयोग करू नका. धडधड कसली आहे ते ईसीजी बघून डॉक्टरच ठरवतील. चक्कर आली, छातीत दुखलं तर सरळ दवाखाना गाठा.

आपण साहित्याचे विद्यार्थी. 'याचा पुढे काय उपयोग?' हा प्रश्न घरी-दारी ऐकून आपले कान किटलेत. व्हाल्साल्वांना तरी कुठे माहीत होतं? त्यांनी कान नीट पाहिला, जे दिसलं ते नीट लिहून ठेवलं. शिष्याने गुरूचे कागद जपले. त्यांच्या मृत्यूला तीनशे वर्षं उलटली, तरी आज कुठल्यातरी कॅज्युअल्टीत घाबरलेल्या माणसाला नर्स सांगत असते, जोर द्या, अजून थोडा, आता सोडा. आणि त्याचं हृदय शांत होतं.