चिप अमेरिकेची, शिक्का मलेशियाचा: रॉबर्ट नॉयस यांनी उभी केलेली साखळी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एखादी जुनी आयसी भिंगाखाली धरून बघा. कंपनीचं नाव अमेरिकन, आणि त्याखाली बारीक अक्षरांत देश मात्र मलेशिया, कोरिया नाहीतर फिलिपिन्स. चिप घडते एका देशात, तिला पाय बसतात दुसऱ्याच देशात आणि ती विकली जाते तिसरीकडे. ही रीत कुठून सुरू झाली, हे शोधायला गेलं की रॉबर्ट नॉयस यांच्यापाशी यावं लागतं. इंटिग्रेटेड सर्किटचे एक जनक आणि इंटेलचे एक संस्थापक म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. सुटे भाग जगभर फिरवून बनवायची आणि स्वस्तात विकायची घडी बसवण्यात त्यांचा जो हात होता, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

नॉयस यांचा जन्म 12 डिसेंबर 1927 रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. चार भावांतले ते तिसरे. ग्रिनेल नावाच्या छोट्या गावात ते वाढले आणि तिथल्याच कॉलेजात शिकले. कॉलेजच्या पार्टीसाठी त्यांनी जवळच्या शेतकऱ्याचं डुक्कर पळवलं होतं. शेतीवर जगणाऱ्या आयोवात हा गंभीर गुन्हा. एका सत्राच्या निलंबनावर निभावलं. त्याच कॉलेजात ग्रँट गेल या प्राध्यापकांनी बेल लॅब्समधून अगदी सुरुवातीचे ट्रान्झिस्टर मिळवले, आणि नॉयस यांना पुढची दिशा सापडली. 1953 मध्ये एमआयटीतून पीएचडी, मग फिलाडेल्फियाच्या फिल्को कंपनीत नोकरी, 1956 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम शॉकली यांच्या प्रयोगशाळेत. शॉकली नोबेलविजेते खरे, पण त्यांच्या हाताखाली टिकणं कठीण. वर्षभरात आठजण एकदम बाहेर पडले आणि 1957 मध्ये फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली.

या आठजणांसमोरची अडचण समजून घेण्यासारखी आहे. आज चिप बनवणारी कंपनी सिलिकॉनच्या चकत्या एकाकडून घेते, यंत्रं दुसऱ्याकडून, रसायनं तिसऱ्याकडून. 1957 मध्ये विकत घ्यायला यातलं बरंचसं नव्हतंच. त्यामुळे आठजणांनी कामं वाटून घेतली. एकाने सिलिकॉनचे स्फटिक वाढवायचे, दुसऱ्याने भट्ट्या सांभाळायच्या, कोणी चाचणीची उपकरणं तयार करायची. फोटोच्या तंत्राने सिलिकॉनवर नक्षी उमटवायचं काम नॉयस आणि जे लास्ट यांच्याकडे आलं. त्यासाठी लागणारी भिंगं त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅमेऱ्याच्या दुकानातून निवडून आणली. पहिली ऑर्डर आयबीएमची होती: शंभर ट्रान्झिस्टर, दर नगाला 150 डॉलर.

1959 मध्ये जाँ होर्नी यांनी प्लेनर पद्धत शोधली. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर तसाच ठेवायचा आणि त्याच्याआड ट्रान्झिस्टर सुरक्षित ठेवायचा, असं ते तंत्र. त्याच थरावरून धातूच्या रेषा ओढल्या तर एकाच तुकड्यावर अख्खं सर्किट जोडता येईल, हे नॉयस यांच्या लक्षात आलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी 1958 मध्येच एका तुकड्यावरचं सर्किट करून दाखवलं होतं, पण त्यात तारा हाताने जोडलेल्या होत्या. कारखान्यात हजारोंनी बनवता येईल असा आराखडा नॉयस यांचा. श्रेय कोणाचं, यावर दोन्ही कंपन्या अनेक वर्षं कोर्टात भांडल्या.

आता साखळीची खरी गोम. नव्या पद्धतीत एका चकतीवर एकाच वेळी कितीतरी चिप तयार होऊ लागल्या, म्हणजे चिपमागचा खर्च उतरला. पण चकती कापल्यावर प्रत्येक तुकडा वेगळा उचलायचा, डबीत चिकटवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघत केसाहून बारीक तारा एकेक करून जोडायच्या. हे काम हातानेच व्हायचं, त्यामुळे खर्च अडकायचा मजुरीत. दुसरीकडे, चिपला वजन जवळजवळ नाही. पेटीभर माल विमानाने पाठवला तरी नगामागे भाडं नगण्य. माल हलका, किमती आणि मजुरी खाणारा असला की तो मजुरी स्वस्त असलेल्या गावाकडे वळणारच.

नॉयस यांनी हाँगकाँगमधल्या एका रेडिओ कारखान्यात स्वतःचे पैसे घातले होते, त्यामुळे तिथली परिस्थिती त्यांना ठाऊक होती. 1963 मध्ये फेअरचाइल्डने हाँगकाँगला चपलांच्या कारखान्याच्या भाड्याच्या जागेत जोडणीचं काम सुरू केलं. उत्पादन विभाग चार्ल्स स्पोर्क यांच्याकडे होता. अमेरिकेत कामगार संघटनेची कटकट नको, हाही त्यांचा हिशेब होता. कामावर बहुतेक तरुण मुली. तासाला सुमारे 25 सेंट, म्हणजे अमेरिकन मजुरीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, तरी आशियाच्या मानाने बरा पगार. पुढे दक्षिण कोरिया आणि सिंगापूरमध्येही कारखाने निघाले. हे कौतुकाने सांगितलं जातं, पण तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेल्या त्या मुलींची नावं कोणत्याही शोधाच्या इतिहासात येत नाहीत, हेही सांगायला हवं.

मजुरी उतरल्यावर नॉयस यांनी दुसरी चाल खेळली, आणि ती कारखान्यांहून धाडसाची होती. 1960 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी इंटिग्रेटेड सर्किटची किंमत त्या वेळच्या उत्पादनखर्चाच्याही खाली आणली. हिशेब असा की भाव पडले की मागणी वाढेल, मागणी वाढली की माल जास्त बनेल, आणि जास्त बनवता बनवता हात बसून खर्च आपोआप खाली येईल. लष्कराला महागात विकून थोडक्यात समाधान मानण्यापेक्षा टीव्ही आणि कॅल्क्युलेटरवाल्यांना स्वस्तात भरपूर विकावं, असा हा विचार. त्याआधी अपोलो यानाच्या संगणकासाठी फेअरचाइल्डच्या चिप घेतल्या गेल्या होत्या. पुढे त्याच आराखड्याच्या चिप फिल्कोने पुरवल्या, म्हणजे नॉयस यांची जुनीच कंपनी. एकच भाग दोन ठिकाणांहून मिळण्याची ही सोय गिऱ्हाइकांना फार महत्त्वाची वाटे, कारण एका पुरवठादाराच्या कारखान्यात बिघाड झाला तर यानच अडून बसायचं.

1968 मध्ये नॉयस आणि गॉर्डन मूर यांनी फेअरचाइल्ड सोडून इंटेल काढली. इथेही तोच पाठ: 1103 ही मेमरी चिप विकताना गिऱ्हाइकांना दुसरा पुरवठादार हवा होता, म्हणून इंटेलने कॅनडातल्या मायक्रोसिस्टिम्स इंटरनॅशनल या कंपनीला पैसे घेऊन ती बनवायला शिकवली. प्रतिस्पर्ध्याला स्वतःच शिकवायचं, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल, पण त्या धंद्यात त्याशिवाय मोठी ऑर्डर मिळत नसे. 1972 मध्ये इंटेलने मलेशियात पेनांगला जोडणीचा कारखाना काढला. आयसीवरच्या शिक्क्याचं मूळ हेच. 1975 मध्ये तो कारखाना आगीत जळाला, आणि साखळी लांबली की धोकेही लांबवर पसरतात हे दिसलं. कारखाना पुन्हा उभा राहिला.

मोठा धक्का मात्र जपानकडून बसला. फेअरचाइल्डने प्लेनर पद्धतीचा परवाना जपानच्या एनईसीला 1960 च्या दशकातच दिला होता. 1980 च्या दशकात जपानी कंपन्यांच्या मेमरी चिप स्वस्तही होत्या आणि कमी बिघडणाऱ्याही. 1985 मध्ये इंटेलला मेमरीचा धंदा सोडावा लागला. ज्यांनी स्वस्त भावाचं हत्यार पहिल्यांदा उपसलं, त्यांच्यावरच ते उलटलं होतं. सरकारने धंद्यापासून लांब राहावं अशा वातावरणात वाढलेले नॉयस वॉशिंग्टनला खेपा घालून मदत मागू लागले. माझ्या मते ही त्यांची माघार नव्हती. कारखाना परदेशी गेला तर परत आणता येतो, पण यंत्रं बनवणारेच संपले तर उरतं काय, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यातूनच टेक्सासमधल्या ऑस्टिनला सेमाटेक ही संस्था निघाली. 14 कंपन्या आणि सरकारकडून वर्षाला 10 कोटी डॉलर. 1988 मध्ये नॉयस तिचे प्रमुख झाले. चिप बनवण्यापेक्षा देशातल्या यंत्रपुरवठादारांना जगवणं हे तिचं मुख्य काम ठरलं, आणि त्यातही जीसीए या कंपनीवर त्यांचा जीव होता. सिलिकॉनवर नक्षी उमटवणारी यंत्रं ती बनवत असे, म्हणजे तीस वर्षांपूर्वी त्यांनी दुकानातली भिंगं आणून जे केलं, तेच काम. जीसीएची भिंगं जर्मनीच्या झाइसकडून यायची, जपानची निकॉन ती स्वतःच घडवायची.

3 जून 1990 रोजी सकाळी पोहून आल्यावर हृदयविकाराच्या झटक्याने नॉयस गेले. वय 62. किल्बी यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं, आणि तो पुरस्कार मरणोत्तर देत नाहीत. जीसीए 1993 मध्ये बंद पडली. पेनांगमध्ये इंटेलचं काम अजून चालू आहे.