फ्रिदा काहलो

फ्रिदा काहलो (६ जुलै, १९०७ - १३ जुलै, १९५४) या मेक्सिकन चित्रकार होत्या. आत्मचित्रांसाठी त्या विशेष प्रसिद्ध आहेत. छायाचित्राचा आधार घेऊन त्यात नसलेला कौटुंबिक इतिहास चित्रात आणणे, हे त्यांच्या काही महत्त्वाच्या चित्रांचे वैशिष्ट्य होय.

बालपण
फ्रिदा यांचा जन्म कोयोआकान येथे झाला. त्यांचे वडील गियेर्मो काहलो हे १८९१ मध्ये जर्मनीहून मेक्सिकोत आलेले व्यावसायिक छायाचित्रकार होते. आई मातिल्दे काल्देरोन मेक्सिकन होत्या. वडिलांनी फ्रिदा यांना कॅमेरा हाताळणे, छायाचित्रे धुणे आणि त्यांत कुंचल्याने रंग भरणे शिकवले. १७ सप्टेंबर १९२५ रोजी बस व ट्राम यांच्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. अंथरुणाला खिळलेल्या मुलीसाठी आईने झोपून चित्र काढता येईल असे ईझल करवून घेतले आणि वडिलांनी आपली रंगपेटी दिली.

विवाहचित्र
२१ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचा विवाह भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्याशी झाला. सुमारे पावणेदोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी दोघांचे विवाहचित्र रंगवले आणि ते कलासंग्राहक आल्बर्ट बेंडर यांना भेट दिले. रिव्हेरा यांना अमेरिकेचा प्रवेश परवाना मिळवून देण्यास बेंडर यांनी साहाय्य केले होते. या चित्रात रंगपाटी व कुंचले रिव्हेरा यांच्या हाती आहेत; फ्रिदा यांनी स्वतःला मात्र चित्रकार म्हणून नव्हे, तर पत्नी म्हणून दाखवले आहे.

छायाचित्रांवरून चित्रे
१९३६ मध्ये त्यांनी आईवडिलांच्या १८९८ मधील विवाहाच्या छायाचित्रावरून ‘माझे आजीआजोबा, माझे आईवडील आणि मी’ हे चित्र रंगवले. विवाहवेषातील दांपत्याची ठेवण त्यांनी छायाचित्रातून घेतली. मात्र वधूच्या पांढऱ्या पोशाखावर गर्भ रंगवला. खाली घराच्या अंगणात उभी असलेली बालिका फ्रिदा लाल फीत धरून आहे. ही फीत दोन्हीकडच्या आजीआजोबांपर्यंत जाते. आईकडच्या आजीआजोबांखाली मेक्सिकोची भूमी, तर वडिलांकडच्यांखाली समुद्र आहे. छायाचित्रातील एका दिवसाला अशा रीतीने तीन पिढ्यांच्या वंशवृक्षाचे रूप मिळाले. जस्ताच्या पत्र्यावरील हे छोटेखानी चित्र न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

वडिलांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९५१ मध्ये, त्यांनी छायाचित्राच्या आधारे त्यांचेही व्यक्तिचित्र रंगवले. त्यात वडिलांशेजारी कॅमेरा असून, अपस्मार असतानाही त्यांनी काम कधी थांबवले नाही, अशा आशयाचा मजकूर खाली आहे.

मृत्यू आणि स्मारक
१३ जुलै १९५४ रोजी कोयोआकान येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. ‘निळे घर’ म्हणून ओळखली जाणारी ही वास्तू १९५८ पासून संग्रहालय आहे. वडिलांचे व्यक्तिचित्र तेथेच जतन केलेले आहे.