पाद्री हिस्लॉप आणि मांगलीची कवटी

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्याकडे विरळाच. पण १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेला ज्यांचे नाव दिले, त्यांच्याविषयी मी विचारले की बहुतेक मित्र एक मिशनरी एवढेच सांगून थांबतात. म्हणून हा लेखनप्रपंच!

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. धर्मप्रसारासाठी ते १८४५ साली नागपुरास आले, तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. गावोगाव फिरताना त्यांचे लक्ष खडकांकडे वेधले गेले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी या भागातील भूस्तरांचा कसून अभ्यास केला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील खडकांतून एक रुंद, चपटी कवटी त्यांच्या हाती आली. ती लंडनला पोहोचली आणि १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन करून त्या प्राण्याला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव दिले. म्हणजे आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा हा उभयचर बेडकाच्या दूरच्या नात्यातला, पण त्याहून कितीतरी मोठा होता. त्याच्या कुळातील प्राण्यांचे अवशेष पुढे दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियातही मिळाले. हे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, या सिद्धान्ताशी ते जुळते.

नाव देणारे ओवेन जगप्रसिद्ध झाले; कवटी धाडणारे हिस्लॉप मात्र भूशास्त्राच्या पुस्तकांतच राहिले. त्यांच्या धर्मकार्याविषयी आपले मत काहीही असो, त्यांच्या ज्ञाननिष्ठेचे श्रेय नाकारणे मला अन्यायाचे वाटते. गोंडांची भाषा आणि लिंगोची गाणी यांनाही त्यांनी खडकांइतक्याच आस्थेने टिपून ठेवले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला चारच दिवस उरले होते. टिपणे अपुरीच राहिली. सर रिचर्ड टेंपल यांनी ती संपादून १८६६ साली प्रसिद्ध केली नसती, तर ती गाणीही त्या पुरातच गेली असती.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. आपल्या गावची म्हातारी माणसे आजही जुनी गाणी गातात, गावाबाहेर जुने दगड पडलेले असतात. ते टिपून ठेवायला परक्या मुलखातून कोणी यावे, याची वाट आपण किती दिवस पाहणार?