गच्चीचा कठडा

घराच्या गच्चीस कठडा बांधावा, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, ही आज्ञा आम्ही अनुवाद २२:८ मध्ये वाचतो. जिवाचा धोका आधीच टाळणे हे यहूदी धर्मशास्त्र तिच्यावरून कर्तव्य मानते. लस टोचून घेण्यासही अनेक रब्बी तीच लागू करतात.

यहूदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसात जन्मले. मुंबईत प्लेगचा कहर असता त्यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ साली पंजाबात लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिनांवर आला. १९०७ साली तो दूर झाल्यावर ते पुन्हा भारतात येऊन राबले. १९३० साली ते निवर्तले.

लेकरांसाठी आम्ही प्रार्थना करतो. कठडाही बांधू या.