प्रश्नातला नेमका शब्द यंत्राला ओळखायला शिकवणाऱ्या कॅरेन स्पार्क जोन्स

मोबाईलवर आपण बोलतो तशा भाषेत प्रश्न टाकतो आणि असंख्य पानांतून उत्तर असलेलं पान वर येतं. यामागचा एक मूळ हिशेब मांडला तो केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी, १९७२ मध्ये. तेव्हा इंटरनेटवरची पानं जन्मालाही आली नव्हती.

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १९३५ रोजी इंग्लंडमधील हडर्सफील्ड इथला. वडील रसायनशास्त्र शिकवायचे, आई नॉर्वेची. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या इतिहास शिकल्या, मग एक वर्ष तत्त्वज्ञान. काही काळ शाळेत शिकवलंही. संगणकाचं रीतसर शिक्षण नव्हतंच.

तरी मार्गारेट मास्टरमन यांच्या भाषा संशोधन केंद्रात त्या दाखल झाल्या. यंत्राला माणसाची भाषा कशी कळावी, यावर तिथे काम चाले. १९५८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ रॉजर नीडहॅम यांच्याशी लग्न झालं. आपलं नाव मात्र त्यांनी बदललं नाही. १९६४ चा त्यांचा पीएचडीचा प्रबंध समानार्थी शब्दांवर होता. तो पुस्तकरूपाने यायला १९८६ उजाडलं, म्हणजे तब्बल २२ वर्षं गेली.

१९७२ च्या शोधनिबंधातली गोष्ट तशी साधी आहे. समजा, कुणी विचारलं, 'उताऱ्यावर वारस नोंद कशी करावी?' यातले 'कशी' आणि 'करावी' हे शब्द जिकडेतिकडे सापडतात. त्यांच्यावरून कागद शोधायला गेलं तर सगळाच ढीग हाती येईल. 'वारस' मात्र मोजक्याच कागदांत असतो. म्हणून जो शब्द कमी कागदांत आढळतो, त्याला शोधात जास्त वजन द्यायचं. कोणता शब्द महत्त्वाचा, हे माणसाने सांगायची गरज नाही, नुसती मोजणी पुरते. संगणकशास्त्रात हे वजन 'आयडीएफ' म्हणून ओळखलं जातं.

त्या काळी संगणकाची ताकद बेताची, त्यामुळे चाचण्या काहीशे कागदांच्या संग्रहांवरच झाल्या. १९७६ मध्ये स्टीफन रॉबर्टसन यांच्यासोबत त्यांनी हा विचार संभाव्यतेच्या गणिताने पुढे नेला. पुढे माहितीसाठ्याला साध्या इंग्रजीत प्रश्न विचारता यावा, लांबलचक मजकुराचा सारांश यंत्राने काढावा, यावरही त्यांनी काम केलं.

एवढं करूनही पक्की नोकरी बराच काळ लाभली नाही. कितीतरी वर्षं मुदतीच्या अनुदानांवर काढावी लागली. एक अनुदान संपत आलं की दुसऱ्यासाठी अर्ज, असा क्रम चाले. केंब्रिजमध्ये प्राध्यापकपद मिळालं ते १९९९ मध्ये, वयाच्या साठीनंतर. तोवर वेबवरच्या शोधयंत्रांचं युग सुरू झालं होतं. संगणक क्षेत्रात मुलींनी यावं, यासाठी त्या आग्रहाने बोलत राहिल्या. २००२ मध्ये निवृत्त झाल्यावरही काम थांबलं नाही.

२००७ मध्ये ब्रिटिश कम्प्युटर सोसायटीचं लवलेस पदक त्यांना मिळालं. त्याच वर्षी ४ एप्रिलला कर्करोगाने त्यांचं निधन झालं. शोधयंत्रं त्यानंतर खूप बदलली, शब्दांच्या पलीकडे जाऊन अर्थही धरू लागली. पण दुर्मीळ शब्दाला जादा वजन देण्याचा त्यांचा नियम आजही अनेक शोधयंत्रांत वापरात आहे.